मंगळावरचा दरवाजा खरा का भास? कट्ट्यावर वाद घालण्याआधी एवढं बघा

मंगळावर दरवाजा सापडला, चंद्रावर घर दिसलं, खडकावर बाई बसलीय, असले फोटो अधनंमधनं फिरतच असतात. मग संध्याकाळी रंकाळ्यावर चहाच्या गाड्यापाशी दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते एलियन हायत आणि नासा लपवायलीय, दुसरी म्हणते हॅ, दगड हाय तो, अक्कल हाय का तुला. आणि गंमत म्हणजे फोटो नीट दोघांनीबी बघितलेला नसतो. दरवाजा म्हणणाऱ्यानं तर नाहीच, पण दगड म्हणणाऱ्यानंही नाही, त्यानं नुसतं आधीच ठरवून टाकलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच की "दगड आहे" हापण एक दावाच आहे आणि तो पण सिद्ध करायला लागतो. तो कसा करायचा ते सांगतो, मोबाईल आणि थोडा वेळ असला तरी जमतंय, दुर्बीण वगैरे काही लागत नाही.

आधी मूळ फोटो काढा

फॉरवर्ड आलेल्या फोटोवर वाद घालायचाच नाही, हा नियम पक्का ठेवा. समोरच्याला पहिला प्रश्न: कुठल्या यानाचा फोटो, कुठला कॅमेरा, कधीचा? रोव्हरचा असेल तर सोल नंबर विचारा. सोल म्हणजे मंगळावरचा एक दिवस, आपल्यापेक्षा साधारण ४० मिनिटांनी मोठा, आणि रोव्हर उतरल्यापासून हे सोल मोजत जातात. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या मंगळावरच्या रोव्हरचे कच्चे फोटो नासाच्या साइटवर सगळ्यांना फुकट बघायला मिळतात, सोल टाकायचा, कॅमेरा निवडायचा, झालं. चंद्राचं म्हणाल तर चांद्रयान-२ चा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नाव नोंदवून घेता येतो. सोल नंबर पण नाही आणि यानाचं नाव पण नाही असा फोटो असेल तर वाद तिथंच थांबवा आणि चहा घ्या, कारण त्या फोटोवर कुणीच काही सिद्ध करू शकत नाही.

मूळ फोटो कशाला लागतो? जेपेग हा प्रकार फोटो साठवताना त्याचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो, आणि फोटो जास्त दाबला की त्या चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. मग कुणीतरी तो झूम करतंय, स्क्रीनशॉट काढतंय, पुढं पाठवतंय, पुढचा परत झूम करून स्क्रीनशॉट काढतोय, असं चार हात फिरून आला की त्यात सरळ भिंती, काटकोनातल्या गल्ल्या, अख्खी पेठ दिसायला लागते. ओळखायची सोपी खूण म्हणजे त्या रेषा फोटोच्या कडांना समांतर आहेत का ते बघायचं. मंगळावरच्या बिल्डरला आपल्या मोबाईलची स्क्रीन कुठल्या बाजूला आहे हे माहीत असायचं काही कारण नाही.

२०११ साली गूगल मार्सवर एक पांढरी लांबट इमारत सापडली म्हणून लई गाजलं होतं. तो कॅमेऱ्याच्या सेन्सरवर आदळलेल्या कॉस्मिक किरणाचा, म्हणजे अवकाशातनं वेगानं येणाऱ्या कणाचा, पट्टा होता, आणि वरनं फोटो दाबताना त्याला चौकोनी ठोकळ्यांचा आकार आला.

हल्ली नवीन ताप म्हणजे एआयनं "क्लियर" केलेले फोटो. ज्या पिक्सेलात माहितीच नाही ती हे सॉफ्टवेअर आणणार कुठनं? त्याला लाखो चेहरे, खिडक्या, दारं दाखवून शिकवलेलं असतं, मग ते त्यातलंच काहीतरी तिथं भरतंय. असा फोटो कुणी पुढं केला तर सरळ सांगायचं, भावा हे चित्र आहे, फोटो आण.

मग विचारा, केवढं आहे ते?

माझ्या मते निम्मे वाद या एकाच प्रश्नावर मिटतात. ७ मे २०२२ ला क्युरिऑसिटीनं काढलेल्या फोटोत डोंगराच्या कड्यात एक दरवाजा दिसला, वर चौकट, आत अंधार, बघूनच वाटावं की आत पायऱ्या असणार. तो "दरवाजा" जेमतेम फूटभर उंच आहे. खडकाला गेलेल्या तड्यांमधनं एक तुकडा निसटलाय आणि त्याची खाच राहिलीय. फोटोत बाजूला माणूस नाही, झाड नाही, विजेचा खांब नाही, त्यामुळं मेंदू दाराला दाराएवढाच समजून मोकळा होतो.

स्पिरिट रोव्हरच्या २००७ च्या फोटोतली ती बसलेली बाई घ्या, ती तर रोव्हरपासनं थोड्याच मीटरवर असलेला काही सेंटिमीटरचा दगड होता, अख्ख्या पॅनोरमातनं तेवढाच तुकडा कापून मोठा केल्यावर बाई झाली. म्हणून कापलेला फोटो आला की न कापलेला मागायचा.

चंद्रावरच्या घराची गोष्ट तर मला स्वतःला लई आवडते, कारण तिथं लोक नुसते भांडत बसले नाहीत. २०२१ च्या शेवटी चीनच्या युतू-२ रोव्हरला चंद्राच्या पलीकडच्या बाजूला क्षितिजावर एक चौकोनी ठोकळा दिसला, सुमारे ८० मीटर अंतरावर. जगभर "गूढ झोपडी" म्हणून बोंब झाली. मग रोव्हर हळूहळू तिकडं नेला आणि जानेवारी २०२२ मध्ये जवळनं बघितलं तर खड्ड्याच्या काठावर पडलेला छोटा दगड, तो पण सशासारखा दिसणारा. आकाशाच्या काळ्या पडद्यावर, बाजूला मोजायला काही नसताना, लांबनं घर वाटला. क्षितिजावरची वस्तू आली की एवढं लक्षात ठेवा की लांबचं मोठं आणि जवळचं छोटं यातला फरक एका फोटोतनं कळतच नाही.

वरनं, म्हणजे ऑर्बिटरनं काढलेला फोटो असेल तर हिशोब अजून सोपा. एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे किती मीटर एवढं शोधायचं. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरचा हिरायझ कॅमेरा साधारण २५ ते ३० सेंटिमीटरचा पिक्सेल देतो, आपल्या चांद्रयान-२ चा ओएचआरसी कॅमेरा चंद्रावर त्याच पट्टीतला आहे. एखाद्या गोष्टीचा आकार ओळखायचा तर ती निदान तीन-चार पिक्सेलची पाहिजे, म्हणजे मीटरभराच्या खालची वस्तू हिरायझच्या फोटोत आहे का नाही हे एकवेळ सांगता येईल, पण ती खुर्ची आहे का रांजण आहे हे नाही. त्या फोटोत कुणाला चाव्या दिसत असतील तर त्याला नमस्कार करा.

सूर्य कुठं होता?

आता मंगळावरचा चेहरा, सगळ्या वादांचा बाप. २५ जुलै १९७६, व्हायकिंग १ ऑर्बिटर सायडोनिया नावाच्या भागावरनं फोटो काढत चाललं होतं, व्हायकिंग २ ला उतरायला जागा बघायची होती. एका फोटोत टेकडीवर डोळे, नाक, तोंड. टेकडी सुमारे २ किलोमीटर लांब, म्हणजे बिंदू चौकातनं निघून रंकाळ्याच्या काठाला लागावं साधारण एवढी. आणि व्हायकिंगच्या उत्तमातल्या उत्तम फोटोत एक पिक्सेल ४३ मीटरचा. हिशोब करा, अख्खा चेहरा लांबीला पंचेचाळीसेक पिक्सेलांचा. एका पिक्सेलात आपल्या पेठेतली दहा-बारा घरं परसासकट बसतील, त्यात डोळ्याची बाहुली बघणार म्हणजे कमाल आहे. नाकपुडी म्हणून जो काळा ठिपका दाखवतात तो तर डेटा येताना हरवलेला पिक्सेल आहे, असले ठिपके त्या फोटोभर विखुरलेत, एक नेमका नाकाजवळ पडला.

सूर्य त्यावेळी क्षितिजापासनं फक्त १० अंशांवर होता. सावलीची लांबी काढायची तर उंचीला त्या कोनाच्या टॅननं भागायचं, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतंय. १० अंशाला सावली उंचीच्या साडेपाच पटीहून जास्त, २० अंशाला पावणेतीन पट, ४५ ला बरोबर तेवढीच. म्हणजे संध्याकाळच्या उजेडात साधा उंचवटा पण भुवईएवढी सावली टाकतो, आणि जो भाग सावलीत गेला तिथं काय आहे हे फोटो सांगतच नाही, ते आपण भरतो. नासानंच थोड्या दिवसांत तो फोटो प्रसिद्ध करताना लिहिलं होतं की सावल्यांमुळं डोळे-नाक-तोंडाचा भास होतोय. लपवलं म्हणावं तर पहिल्यांदा डंका त्यांनीच पिटला.

पण इथं दगड पार्टीनं जरा सांभाळून. चेहरा मानणारे एक मुद्दा काढतात की पस्तीस सोलनंतर व्हायकिंगनं परत फोटो काढला, सूर्य २० अंशांवर होता, तरी चेहरा दिसला. हे खरं आहे. हा मुद्दा हसण्यावारी नेलात तर वाद तुम्हीच हरलात असं समजा, कारण त्यांनी दुसरा फोटो शोधलाय आणि तुम्ही नाही. उत्तर द्यायचं ते असं, की दोन्ही वेळा उजेड एकाच बाजूनं होता आणि पिक्सेल तेवढेच जाड होते, त्यामुळं भास पण तोच राहिला. परीक्षा व्हायला पिक्सेल बारीक पाहिजेत. ती परीक्षा १९९८ मध्ये झाली, मार्स ग्लोबल सर्व्हेअर यानानं ५ एप्रिलला जवळनं फोटो काढला, साधी झिजलेली टेकडी दिसली. तर म्हणे वरनं ढग होते, त्यात खुणा झाकल्या. हा आक्षेप पण अगदीच फालतू नव्हता, खरंच तेव्हा तिथं ढगाळ होतं. म्हणून ८ एप्रिल २००१ ला स्वच्छ हवेत परत काढला, पिक्सेल १.५६ मीटरचा. टेकडीच. नंतर हिरायझनं अजून बारीक काढला, तरी टेकडीच.

घरच्या घरी करायचं असेल तर फोटो उलटा करा, खालची बाजू वर. उजेड नेहमी वरनं येतो असं आपला मेंदू धरून चालतो, त्यामुळं खालनं उजेड पडलेला खड्डा आपल्याला घुमटासारखा फुगीर दिसतो आणि टेकडी खड्ड्यासारखी. चंद्रावरचे "घुमट" म्हणून येणारे बरेच फोटो नुसते फिरवले की निमूट खड्डे होतात. मित्राच्या हातात फोन देऊन त्यालाच फिरवायला लावा, आपण सांगून जे पटत नाही ते त्याच्या बोटानं पटतं.

दुसरा फोटो, आणि इथंच खरी वस्तू सापडते

आत्तापर्यंत वाचून दरवाजा पार्टी म्हणेल हा गडी सगळंच उडवायलाय. नाही. परक्या जमिनीवर माणसानं बनवलेल्या वस्तू फोटोत सापडल्यात, आणि त्या याच पद्धतीनं सापडल्यात.

आपल्याच विक्रमचं घ्या. चांद्रयान-२ चा लँडर ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर आदळला आणि गप्प झाला. नासाच्या लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरनं १७ सप्टेंबरला त्या भागाचे फोटो काढले आणि सगळ्यांसाठी खुले केले. चेन्नईच्या शण्मुग सुब्रमण्यन यांनी ते जुन्या फोटोंशी ताडून बघितले आणि त्यांना एक ठिपका सापडला जो आधी नव्हता. एक उजळ पिक्सेल, बस्स. त्या फोटोत पिक्सेल १.३ मीटरचा आणि सूर्य क्षितिजाला टेकलेला, जेमतेम ६ अंश. त्यांनी नासाला कळवलं, तिथल्या लोकांनी परत तपासलं, नोव्हेंबरमध्ये ०.७ मीटर पिक्सेलचे आणि बऱ्या उजेडातले फोटो मिळाले, त्यात आदळल्याची जागा, उडालेली माती, तुकडे सगळं दिसलं, आणि डिसेंबरमध्ये नासानं त्यांचं नाव घेऊन जाहीर केलं. तो पहिला तुकडा मुख्य जागेपासनं सुमारे ७५० मीटर वायव्येला होता.

आता बघा, चेहऱ्याला पंचेचाळीस पिक्सेल होते तरी तो खोटा आणि विक्रमच्या तुकड्याला एक पिक्सेल तरी तो खरा. असं कसं? कारण एका पिक्सेलातनं आकार कधीच कळत नाही, पण बदल कळतो. सुब्रमण्यन यांनी "हा लँडरच्या पायासारखा दिसतोय" असं म्हटलंच नाही, "हे आधी नव्हतं, आता आहे" एवढंच म्हटलं. वादात हा फरक पकडून ठेवा. "कशासारखं दिसतंय" वर दावा उभा असेल तर तो कच्चा. "आधी नव्हतं", "उजेड बदलला तरी राहिलं", "सूर्य हलला तशी चमक हलली", यावर उभा असेल तर खुर्ची पुढं ओढून ऐका.

ब्रिटनचं बीगल २ असंच. २५ डिसेंबर २००३ ला मंगळावर उतरायचं होतं, आवाजच आला नाही, सगळ्यांनी धरलं की फुटलं. जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झालं की हिरायझच्या फोटोंत ते सापडलंय, दोन मीटरच्या आतली वस्तू, पण वेगवेगळ्या दिवसांच्या फोटोत त्याची चमक वेगवेगळ्या ठिकाणी होती, जशी सोलर पॅनेलवरनं यावी तशी. दगड असं चमकत नाही.

आणि रोव्हरच्या फोटोत विचित्र काही दिसलं तर सगळ्यात आधी रोव्हरवरच संशय घ्या. २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटीला सशाच्या कानांसारखं पिवळसर काहीतरी दिसलं, ते त्याच्याच उतरायच्या एअरबॅगशी संबंधित चिंधी निघाली असं मानतात. २०२२ मध्ये पर्सिव्हिअरन्सला दगडात अडकलेला चकचकीत कागद दिसला, तो त्याच्याच उतरवणाऱ्या यंत्रणेच्या थर्मल ब्लँकेटचा तुकडा. २०१४ च्या जानेवारीत तर ऑपॉर्च्युनिटीसमोर जेली डोनटसारखा दगड अचानक उगवला, बारा सोल आधीच्या फोटोत तिथं काहीच नाही. बदल होता, खरा बदल, वाद घालण्यासारखा. उत्तर निघालं की रोव्हरच्याच चाकाखाली एक खडक फुटला आणि त्याचा तुकडा उडून तिथं पडला. म्हणजे मंगळावर कुणीतरी वस्तू टाकतंय हे बरोबरच आहे, ते आपणच आहोत.

एक बारकावा राहिला. रोव्हरचे नॅव्हकॅम, म्हणजे वाट बघायचे कॅमेरे, जोडीनं फोटो काढतात, डावा आणि उजवा. एप्रिल २०१४ मध्ये क्युरिऑसिटीच्या फोटोत क्षितिजावर दिवा लागल्यासारखा उजेड दिसला, पण फक्त उजव्या कॅमेऱ्यात, त्याच क्षणाच्या डाव्यात काही नाही. लांबचा दिवा एका डोळ्याला दिसून दुसऱ्याला दिसत नाही असं फारसं होत नाही. कॉस्मिक किरण सेन्सरवर आदळला तर मात्र अगदी असंच होतं, तो एकाच कॅमेऱ्यात ठिपका उठवतो. तेव्हा दुसरा डोळा बघितल्याशिवाय उजेडावर पैज लावू नका.

"निसर्ग सरळ रेषा काढत नाही"

हे वाक्य प्रत्येक वादात येतंच आणि त्याला उत्तर द्यायला कोल्हापूरकरांना मंगळावर जायची गरज नाही. पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला जाऊन या. लाव्हा थंड होताना आक्रसला, तडे गेले आणि बेसॉल्टचे कोनदार खांब तयार झाले, एकाला एक लावून रचल्यासारखे. पाथरवटानं घडवलेत म्हणून कुणी सांगितलं तर पटेल. असलेच खांब हिरायझनं मंगळावरच्या खड्ड्याच्या कडेला पण टिपलेत, २००९ मध्ये ते जाहीर झालं. उलट तिथनं मसाई पठाराकडं जा, पठाराच्या कड्याला पांडवदऱ्याची कोरीव लेणी आहेत, माणसानं खोदलेली, शंभर टक्के खरी, पण सॅटेलाइट फोटोत वरनं बघा, काही म्हणजे काही दिसत नाही. एकच तालुका, एक नैसर्गिक गोष्ट बांधल्यासारखी आणि एक बांधलेली गोष्ट अदृश्य. त्यामुळं दगड पार्टीनं पण "फोटोत नाही म्हणजे नाहीच" असं छातीठोक बोलू नये, एवढ्या बारकाव्याच्या फोटोत दिसलं नाही, इथंच थांबावं.

रेषा आणि कोनांचा अजून एक प्रकार आहे. सायडोनियातल्या टेकड्या एकमेकींना जोडून शहर, पिरॅमिड, गणिती कोन काढतात लोक. २० टेकड्या घेतल्या तरी जोड्या होतात १९० आणि त्रिकोण ११४०, एवढ्यातनं पाहिजे तो कोन न मिळाला तरच नवल. मग अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव पण योगायोग का, असं कुणीतरी विचारणारच, तेव्हा तयार राहा. तिथं मावळतीची किरणं गाभाऱ्यात कधी येणार हे आधी सांगता येतं, जानेवारीच्या शेवटाला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, परत नोव्हेंबरात, दरवर्षी. आणि वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं तर किरणं कुठं अडली हे पण मोजून दाखवता येतं. सायडोनियावाल्यांनी असं काही आधी सांगून नंतर दाखवलंय का? रेषा नेहमी फोटो आल्यावर ओढलेल्या असतात. आधी सांग, मग फोटो बघू, ही अट घातली की बरेच नकाशे खिशात जातात.

बोलायचं कसं

फार नाही, पण दोन-चार गोष्टी पाळल्या तर मैत्री टिकते. चेहरा दिसतोय म्हणणाऱ्याला "तुला दिसत नाही" असं म्हणू नका, त्याला दिसतोय, तुम्हाला पण दिसतोय, नजरेला तो दिसणारच. वाद दिसण्याचा नाही, तिथं काय आहे याचा आहे. आणि सुरुवातीलाच दोघांनी बोलून घ्या की काय मिळालं तर मत बदलशील. समोरचा म्हणाला कशानंच नाही, तर मग विषय बदला, फुटबॉलवर या, तिथं तरी निकाल लागतो.

"नासा लपवायलीय" आलं की चिडायचं नाही, विचारायचं की मग झोपडीचं कुणी शोधलं? चीननं. विक्रमचा तुकडा? चेन्नईत घरी बसलेल्या माणसानं, नासाच्याच खुल्या फोटोतनं. एकमेकांची चूक काढायला टपलेले एवढे देश एका गुपितावर एकत्र येतील हे मला तरी अवघड वाटतंय, इथं एका मंडळाची दोन मंडळं व्हायला वेळ लागत नाही.

आणि एवढं करूनही एखाद्या जागेबद्दल मन मानतच नसेल तर हायविश नावाची सोय आहे, हिरायझवाल्यांनी सर्वसामान्यांसाठी ठेवलेली. मंगळाच्या नकाशावर जागा दाखवायची, तिथला फोटो का काढावा याचं कारण लिहायचं, पाठवून द्यायचं. कारणात "एलियन" लिहू नका, "टेकडीच्या कडेचे थर आणि झीज बघायची आहे" असं लिहा, आणि सूर्याचा कोन आधीच्या फोटोपेक्षा वेगळा असलेला मोसम सुचवा. नंबर लागायला महिने जातील, वर्षं पण जातील, कदाचित लागणारच नाही. तोवर दोन्ही पार्ट्यांनी आपापलं भाकीत कागदावर लिहून, खाली सही करून, चहाच्या गाडीवाल्याकडं ठेवायला द्यावं.